करडईच्या पाकळीतला तांबडा

बार्शीच्या बाजूला माझे आजोळ आहे. तिथल्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी पेरताना कडेने करडईचे चार-सहा तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, घेण्याची पद्धत होती. करडईची पाने आणि बोंडे काटेरी असल्याने मोकाट जनावर ज्वारीत शिरत नसे आणि वर्षाचे तेलही घरचे होत असे. हुरड्याचे दिवस आले की ही काटेरी कड फुलून येई. फूल आधी पिवळे असे, मग केशरी होई आणि सुकता सुकता गडद तांबडे. पहाटेच्या दवाने काटे नरमलेले असतात तोवरच बोंडाला हात लावावा, उन्हे चढली की ते बोटे फोडतात, असे आजी सांगत असे. मी त्या तांबड्या पाकळ्या फ्रॉकच्या ओच्यात गोळा करून आणी आणि तांब्यातल्या पाण्यात टाकी. पाणी दर वेळी पिवळेच होई. तांबड्या पाकळीचे पाणी पिवळे का, या प्रश्नाचे उत्तर घरात कुणाकडेही नव्हते. करडई तेलासाठी असते आणि तिच्या कोवळ्या पानांची भाजी होते, एवढे सगळ्यांना ठाऊक होते. ‘कुसुंबी’ हा शब्द आजीच्या तोंडी असे, पण लुगड्याच्या रंगाचे एक नाव म्हणून. त्या नावाचा आपल्या बांधावरच्या काट्यांशी काही संबंध आहे, हे तिच्याही आठवणीतून गेले होते.

पुढे मी रसायनशास्त्र शिकले आणि कनिष्ठ महाविद्यालयात २६ वर्षे ते शिकवले. एका वर्षी मुलांसाठी वनस्पतींतील रंगद्रव्यांवर टिपण तयार करताना करडईच्या तांबड्या रंगाचे नाव सापडले, कार्थामिन, आणि त्या नावाशेजारी एका जपानी स्त्रीचे नाव: चिका कुरोदा. माझ्या लहानपणीच्या प्रश्नाशी या बाईंनी आपल्या आयुष्याची कित्येक वर्षे झुंज घेतली होती, आणि मला पदवीपर्यंतच्या कुठल्याही वर्गात त्यांचे नाव ऐकायला मिळाले नव्हते. तेव्हापासून मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत आले आहे. मनातल्या मनात मी त्यांना चिकाबाई म्हणते, आणि इथेही तसेच लिहिणार आहे.

चिकाबाईंचा जन्म २४ मार्च १८८४ रोजी जपानच्या दक्षिणेकडील क्यूशू बेटावरच्या सागा या गावी झाला. मुलींनाही शिक्षण मिळाले पाहिजे, असे मानणारे वडील त्यांना लाभले. त्या काळच्या जपानमध्ये शिकू पाहणाऱ्या मुलीपुढे शिक्षिका होण्याची एकच सरळ वाट होती आणि त्या त्याच वाटेने गेल्या. सागाच्या अध्यापक विद्यालयातून बाहेर पडल्यावर त्यांनी वर्षभर शाळेत शिकवले, मग टोकियोच्या स्त्रियांच्या उच्च अध्यापक विद्यालयात विज्ञान घेतले आणि १९०९ साली तिथेच त्या सहायक प्राध्यापक झाल्या. पंचविशीतल्या स्त्रीला याहून वरची जागा देशात उपलब्ध नव्हती. विद्यापीठ नावाची जी गोष्ट होती ती पुरुषांची होती.

१९१३ साली हे बदलले. उत्तरेकडील सेंदाई शहरात नव्याने उभ्या राहिलेल्या तोहोकू शाही विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष सावायानागी मासातारो यांनी प्रवेशाचे नियम सैल ठेवले होते. ठरावीक उच्च शाळांतून आलेल्यांखेरीज इतरांनाही, म्हणजे अध्यापक विद्यालयांत शिकलेल्यांनाही, तिथे परीक्षा देता येत असे. एफेड्रिन हे औषधी द्रव्य वेगळे करणारे ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी चिकाबाईंना ही परीक्षा देण्याचा आग्रह केला. त्या २९ वर्षांच्या होत्या आणि हातात नोकरी होती. त्यांच्याबरोबर परीक्षेला बसलेल्या तांगे उमे तर चाळिशीत पोहोचलेल्या होत्या आणि लहानपणीच्या अपघाताने त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेलेली होती. त्यांचाही विषय रसायनशास्त्रच होता. तिसऱ्या, माकिता राकु, गणिताच्या. ऑगस्ट महिन्यात, निकाल लागण्याच्या सुमारास, शिक्षण मंत्रालयाचे पत्र विद्यापीठाकडे आले. शाही विद्यापीठात स्त्रियांना प्रवेश देण्याची पूर्वपरंपरा नाही, ही अत्यंत गंभीर बाब आहे, तेव्हा याबाबत खुलासा करावा, असा त्या पत्राचा आशय होता. विद्यापीठाने माघार घेतली नाही. तिघींची नावे उत्तीर्णांच्या यादीत राहिली आणि जपानच्या इतिहासात पहिल्यांदाच स्त्रिया विद्यापीठाच्या वर्गात जाऊन बसल्या.

हे वाचताना मराठी माणसाला कमला भागवतांची, म्हणजे पुढच्या कमला सोहोनींची, आठवण येणे अपरिहार्य आहे. १९३३ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांचा अर्ज मुलगी म्हणून नाकारला गेला, त्यांनी सर सी. व्ही. रामन यांच्यासमोर उभे राहून कारण विचारले आणि अखेर वर्षभर पारखून पाहण्याच्या अटीवर प्रवेश मिळवला. दोन्ही घटनांत २० वर्षांचे अंतर आहे आणि मधे अर्धे आशिया खंड आहे, पण दाराशी विचारलेला प्रश्न तोच आहे. सेंदाईतल्या त्या तिघींच्या बाजूने त्यांची संस्थाच उभी राहिली, हा मोठा फरक मला वाटतो. कमलाबाईंना ते भांडण एकटीने करावे लागले.

सेंदाईत चिकाबाईंना माजिमा रिको हे गुरू लाभले. माजिमांनी जपानी लाखेच्या, म्हणजे उरुशीच्या, रसायनावर मूलभूत काम केले होते. युरोपातून शिकून आलेल्या या माणसाचा विश्वास असा होता की जर्मन प्रयोगशाळांमागे धावण्यापेक्षा जपानी रसायनशास्त्रज्ञाने आपल्या मातीत उगवणारी द्रव्ये हाती घ्यावीत. चिकाबाईंनी मुरासाकी नावाच्या झुडपाची मुळे निवडली. या मुळांतून निघणारा जांभळा रंग प्राचीन जपानमध्ये दरबारातल्या वरच्या श्रेणींसाठी राखून ठेवलेला होता. शतकानुशतके रंगारी त्याने रेशीम रंगवत होते, पण तो रंग म्हणजे नेमके कोणते द्रव्य, हे कुणालाच माहीत नव्हते.

रंगद्रव्याची रचना शोधणे म्हणजे काय, हे आज प्रयोगशाळेत यंत्राच्या पडद्यावर आलेख पाहणाऱ्या विद्यार्थ्याला समजावून सांगणे अवघड आहे. १९१५ च्या सुमारास यांतले काहीही नव्हते. आधी मुळांतून रंग काढायचा, मग त्याच्यासोबत येणारे मेण, राळ, तेल आणि इतर रंग एकामागून एक वेगळे करायचे, आणि उरलेल्या द्रव्याचे स्फटिक पडतात का याची वाट पाहायची. स्फटिक पडले म्हणजे द्रव्य शुद्ध झाले. मग त्याचा वितळणबिंदू घ्यायचा, ते जाळून कार्बन आणि हायड्रोजन मोजायचा, त्याचे तुकडे करून ओळखीचे काही मिळते का ते पाहायचे, आणि त्या तुकड्यांवरून मूळ वास्तू कशी असेल याचा तर्क करायचा. वनस्पतीतला रंग सहजी स्फटिक देत नाही. तो चिकट असतो, हवेने बिघडतो, उष्णतेने करपतो. चिकाबाईंनी त्या जांभळ्या द्रव्याचे स्फटिक मिळवले, ते नॅफ्थोक्विनोन या गटातले असल्याचे दाखवले आणि त्याला शिकोनिन हे नाव मिळाले. आपल्या मेंदीचा रंग देणारे लॉसोन हेही याच गटातले द्रव्य आहे, आणि रोगनजोशला लाली देणारी रतनजोत ही मुरासाकीच्याच कुळातली आहे. १९१६ साली चिकाबाई विज्ञानाच्या पदवीधर झाल्या. त्या आणि माकिता या जपानच्या पहिल्या दोन स्त्री विज्ञान-पदवीधर. १९१८ साली त्यांनी टोकियोच्या रसायन परिषदेत आपले संशोधन वाचले, आणि त्या व्यासपीठावरूनही स्त्रीचा आवाज त्यापूर्वी ऐकू आला नव्हता.

१९२१ ते १९२३ ही दोन वर्षे त्यांनी ऑक्सफर्डमध्ये विल्यम हेन्री पर्किन (धाकटे) यांच्या प्रयोगशाळेत काढली. त्यांच्या वडिलांनी, थोरल्या पर्किनांनी, १८५६ साली अठराव्या वर्षी डांबरापासून मॉव्ह हा जांभळा रंग बनवला होता. त्या शोधाने सुरू झालेल्या कृत्रिम रंगांच्या उद्योगाने पुढच्या ५० वर्षांत जगभरच्या नीळ, मंजिष्ठा आणि करडईच्या रंगाऱ्यांचा धंदा बसवला. नैसर्गिक जांभळ्याचे रहस्य उकलणारी स्त्री कृत्रिम जांभळ्याच्या घराण्यात शिकायला गेली, हा योग माझ्या मनातून जात नाही. त्याच घराण्यातले दुसरे बंधू, आर्थर जॉर्ज पर्किन, यांनी कामेताका या जपानी रसायनशास्त्रज्ञासोबत १९१० साली कार्थामिनचे स्फटिक मिळवले होते, पण त्याची रचना कशी आहे हा प्रश्न तसाच उरला होता.

चिकाबाई १९२३ साली परतल्या. त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरला कांतो भूकंप झाला आणि त्या शिकवत होत्या त्या टोकियोच्या विद्यालयाच्या इमारती भस्मसात झाल्या. पुढच्या वर्षी रिकेन या संशोधन संस्थेत, पुन्हा माजिमांच्याच विभागात, त्यांना काम करण्याची जागा मिळाली. तिथे त्यांनी करडई हाती घेतली.

जपानमध्ये करडईला बेनिबाना म्हणतात. उत्तरेकडील यामागाता भागात, मोगामी नदीच्या खोऱ्यात, ती फुलांसाठी पिकवली जाते. तिथेही फुले पहाटे तोडतात, कारण दवाने काटे नरम असतात. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा आजीचे वाक्य जसेच्या तसे कानात घुमले आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहावे लागले. त्या फुलांपासून बेनी ही ओठांची लाली बनते. चिनी मातीच्या वाटीत तिचा थर वाळला की तो तांबडा न दिसता भुंग्याच्या पंखांसारखा हिरवा चमकतो, आणि ओल्या कुंचल्याने स्पर्श करताच पुन्हा लाल होतो.

तांबड्या पाकळीचे पाणी पिवळे का होते, याचे उत्तर या रंगाऱ्यांना शेकडो वर्षे हातांनी ठाऊक होते. पाकळीत दोन प्रकारचे रंग असतात. पिवळा भरपूर असतो आणि पाण्यात विरघळतो. तांबडा अगदी थोडा असतो, सुकलेल्या पाकळ्यांच्या शेकडा एक भागही भरत नाही, आणि तो साध्या पाण्यात उतरत नाही. त्याला राखेचे, म्हणजे अल्कलीचे, पाणी लागते. अल्कलीत उतरलेल्या रंगात आंबट घातले की तो पुन्हा पाण्याला नको होतो आणि जवळ असलेल्या धाग्याला जाऊन बिलगतो. सुती धागा तांबडा रंग धरतो आणि पिवळा धरत नाही, म्हणून तोच गाळणीचे काम करतो.

निवृत्त झाल्यावर मी हे घरी करून पाहिले. चहासाठी विकतात त्या सुक्या पाकळ्या ५० ग्रॅम आणल्या, त्या मलमलीच्या पुरचुंडीत बांधल्या आणि गार पाण्यात चोळू लागले. पिवळे पाणी टाकून नवे पाणी घ्यायचे, असे दहा-बारा वेळा झाले तेव्हा कुठे पाणी नितळ येऊ लागले. पहिल्या खेपेस मी घाई केली आणि पाणी गरम घेतले. पाकळ्यांतला तांबडा करपला आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात निव्वळ तपकिरी गढूळपणा उतरला. दुसऱ्या खेपेस सगळे गार ठेवले. सोड्याच्या पाण्यात पाकळ्या तासभर मळल्यावर तांबूस-तपकिरी, चहासारखे पाणी निघाले. त्यात लिंबाचा रस थेंबाथेंबाने सोडला. फेस उसळला, पातेले क्षणभर पांढरे दिसले, आणि फेस बसला तेव्हा खाली जे पाणी होते ते लाल होते. त्यात बुडवलेली सुती कापडाची पट्टी दोन तासांनी गुलाबी होऊन बाहेर आली. तांब्यातल्या पिवळ्या पाण्यापासून या पट्टीपर्यंत यायला मला ५५ वर्षे लागली होती.

माझ्या पट्टीवर चिमूटभरही रंग नव्हता, आणि रचना ठरवायची तर ग्रॅमनी शुद्ध स्फटिक लागतात, तेही पुन्हा पुन्हा, कारण प्रत्येक परीक्षेत ते खर्ची पडतात. शिवाय कार्थामिन टिकत नाही. उष्णतेने ते बिघडते, अल्कलीत फार वेळ ठेवले तर बिघडते, उजेडात विटते. संस्कृत काव्यशास्त्राने प्रेमाचे तीन प्रकार रंगांवरून सांगितले आहेत: नीळ फार झळकत नाही पण जात नाही, मंजिष्ठा झळकते आणि जातही नाही, आणि कुसुंभ, म्हणजे करडई, झळकते खरी पण उडून जाते. अशा उडून जाणाऱ्या द्रव्यावर चिकाबाई काही वर्षे बसून होत्या. सौम्य आम्लाबरोबर तापवून त्यांनी त्यातून मिळणारी द्रव्ये वेगळी केली, त्यांची ओळख पटवली, आणि कार्थामिनची रचना मांडली. १९२९ साली या प्रबंधावर त्यांना विज्ञानाची डॉक्टरेट मिळाली. जपानमध्ये हा मान मिळवणाऱ्या त्या दुसऱ्या स्त्री होत्या; पहिल्या, यासुई कोनो, त्यांच्याच विद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत. यासुईंना अमेरिकेला पाठवताना शासनाने त्यांच्या अभ्यासाच्या विषयात विज्ञानाबरोबर गृहविज्ञान हा शब्द घालायला लावला होता, यावरून या दोघी कोणत्या हवेत काम करत होत्या ते कळावे.

चिकाबाईंनी मांडलेली कार्थामिनची रचना बरोबर नव्हती. त्यांच्याविषयी लिहिणारे बरेच लोक हे सांगायचे टाळतात, आणि ते मला पटत नाही. त्यांच्या सूत्रात कार्बनचे २१ अणू होते. सुमारे ५० वर्षांनी, १९७९ साली ओबारा आणि ओनोदेरा यांनी, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत इतर जपानी संशोधकांनी, नव्या उपकरणांच्या साहाय्याने दाखवले की कार्थामिनमध्ये कार्बनचे ४३ अणू असतात. त्या रेणूत जवळजवळ सारखे दोन भाग असतात आणि मधला एकच कार्बन त्यांना सांधतो. २१ दुणे ४२, आणि वर सांध्याचा एक. चिकाबाईंच्या हाती जी साधने होती त्यांनी रेणू तोडल्यावर सांधा तुटून जात होता आणि समोर येत होते ते एका भागाचे अवशेष. शिवाय त्यातली साखर नेहमीप्रमाणे ऑक्सिजनमधून न जोडता थेट कार्बनला जोडलेली आहे, हे ओळखण्याचा मार्गच तेव्हा नव्हता. फूल कोमेजताना पिवळ्या पूर्वद्रव्यापासून हा तांबडा रेणू तयार होतो, हेही याच नंतरच्या संशोधनातून स्पष्ट झाले. बांधावरची करडई रोज रंग का बदलत असे, ते मला असे कळले.

मी शिक्षिका असल्यामुळे असेल, पण मला या चुकीविषयी फार आदर वाटतो. शुद्ध द्रव्य, त्याचे मोजलेले गुणधर्म आणि त्याच्या तुकड्यांची नीट नोंद त्यांनी मागे ठेवली, म्हणून पुढच्यांना नेमक्या कोणत्या जागी सूत्र पुरत नाही ते दाखवता आले. गढूळ द्रव्यावर मांडलेला तर्क चूक की बरोबर, हेही ठरवता येत नाही. मुलांच्या वह्या तपासताना बरोबर उत्तराला गुण देण्याची सवय लागलेल्या मला हे उमगायला फार उशीर झाला, आणि ज्यांची मांडणी उत्तम असूनही शेवटचा आकडा चुकला म्हणून मी कमी गुण दिले, असे काही चेहरे अजून आठवतात.

करडईनंतर चिकाबाईंनी जे जे हाती घेतले ते वाचताना एखाद्या स्वयंपाकघरात शिरल्यासारखे वाटते. सहकारी वाडा यांच्यासमवेत त्यांनी वांग्याच्या सालीतला जांभळा रंग, नासुनिन, अभ्यासला. काळ्या सोयाबीनचा रंग, आणि जपानी लोक उमे फळांच्या लोणच्याला लाली यावी म्हणून घालतात त्या शिसोच्या पानांचा रंगही. त्सुयुकुसा या रानफुलाचा निळाही त्यांनी सोडला नाही. आपल्याकडे पावसाळ्यात ज्याची भाजी करतात तो केना या फुलाचा सख्खा भाऊ आहे. १९३६ साली त्यांच्या गुरूंच्या नावाने सुरू झालेले माजिमा पारितोषिक पहिल्यांदा दिले गेले, ते त्यांना. युद्धाच्या काळात आणि नंतरही त्या सागरी अर्चिनच्या काट्यांतल्या रंगांवर काम करत होत्या.

युद्धानंतर, १९४९ साली, त्यांचे जुने विद्यालय ओचानोमिझु विद्यापीठ झाले आणि त्या तिथे प्राध्यापक झाल्या. वय ६५ होते. या काळात त्यांनी कांद्याच्या सालीवर काम केले. कांदा चिरताना आपण जी तांबूस-सोनेरी टरफले बाजूला लोटतो, त्यांतून त्यांनी क्वेर्सेटिन या रंगद्रव्याचे स्फटिक मिळवले आणि त्यावरून रक्तदाबासाठी केल्टिन-सी नावाचे औषध तयार होऊन बाजारात आले. पोषणाचेच हाल असलेल्या त्या देशात कचऱ्यात जाणाऱ्या सालीतून औषध काढण्याचे मोल काय असेल, ते मी लासलगावच्या बाजारात टरफलांचे ढीग वाऱ्यावर उडताना पाहिले आहेत म्हणून थोडेफार समजू शकते. १९५९ साली शासनाने त्यांना जांभळ्या फितीचे पदक दिले. ज्या रंगापासून त्यांनी सुरुवात केली त्याच रंगाची ती फीत. ८ नोव्हेंबर १९६८ रोजी, ८४ व्या वर्षी, त्या वारल्या.

आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याची करडई तयार केली आहे, तिच्या पाकळ्या दुपारीही तोडता येतात. आजोळच्या शेतात आता करडई नाही. ज्वारीही कमी झाली आणि कडेला तारेचे कुंपण आले. गेल्या हिवाळ्यात मामेभावाने माझ्या हट्टाखातर बांधावर दोन तास पेरून दिले. हुरड्याच्या दिवसांत पहाटे उठून मी दवातल्या पाकळ्या तोडल्या, चुलीतल्या राखेचे पाणी केले आणि मामेभावाच्या नातीला पातेल्यापाशी बसवले. आमसुलाचे आगळ मी तिलाच घालायला लावले. पाणी लाल झाले तेव्हा ती काही बोलली नाही. तिने पट्टी बाहेर काढून पिळली, उन्हात धरली आणि विचारले, हा रंग किती दिवस राहील. उजेडात ठेवलीस तर काही आठवडे, वहीत घालून ठेवलीस तर काही वर्षे, असे मी सांगितले. तिने पट्टी मधोमध फाडली. एक तुकडा खिडकीच्या गजाला बांधला आणि दुसरा वहीत ठेवून वर तारीख घातली.